हिल्सबरो: वर्दी, वर्तमानपत्र आणि एक बिशप

१९ एप्रिल १९८९ रोजी लंडनच्या ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर भल्या मोठ्या अक्षरांत मथळा छापला, ‘द ट्रुथ’, म्हणजे ‘सत्य’. त्याखाली तीन ओळी होत्या. लिव्हरपूलच्या काही फुटबॉल चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली, आणि तोंडाने श्वास देऊन कुणाचा तरी जीव वाचवू पाहणाऱ्या शिपायाला मारले. चारच दिवसांपूर्वी शेफिल्ड शहरातल्या हिल्सबरो स्टेडियमवर शेकडो माणसे चिरडली गेली होती. ९५ जण गेले होते. घराघरांत मयती होत्या, आणि त्याच घरांच्या दारात हा पेपर येऊन पडला.

मथळ्यात ‘सत्य’ होते, खालच्या तिन्ही ओळी खोट्या होत्या. या खोट्याबद्दल आणि त्यामागच्या सगळ्या बनवाबनवीबद्दल देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून माफी मागायला २३ वर्षे लागली.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत बातमीला खबर म्हणतात आणि साक्षीला गवाही. खबर कानावर येते, गवाही डोळ्यांनी पाहिलेल्याची असते. हिल्सबरोचा इतिहास वाचताना हा फरक सतत मनात राहतो. तिथे ज्यांनी पाहिले होते त्यांची गवाही कापली गेली आणि ज्यांनी पाहिले नव्हते त्यांची खबर पहिल्या पानावर छापली गेली. आणखी एका कारणासाठी हा इतिहास आपण वाचायला हवा. ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाची, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची विचारसरणी तीन गोष्टींना फार मानते. कायदा-सुव्यवस्था, धर्म आणि परंपरेने चालत आलेल्या संस्था. या तिन्हींची परीक्षा हिल्सबरोत झाली.

त्या दुपारी काय झाले?

१५ एप्रिल १९८९, शनिवार. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांत एफए कपची उपांत्य लढत होती. लिव्हरपूलच्या चाहत्यांना स्टेडियमची लेपिंग्ज लेनकडची बाजू दिली होती. तिथे उभे राहून सामना पाहणाऱ्यांची संख्या १०,१०० होती आणि त्यांना आत जायला फिरती फाटके होती फक्त सात. दुपारी अडीचनंतर बाहेर इतकी दाटी झाली की माणसे तिथेच गुदमरू लागली.

बंदोबस्ताचे प्रमुख होते चीफ सुपरिंटेंडेंट डेव्हिड डकेनफिल्ड. त्या पदावर येऊन त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते. २ वाजून ५२ मिनिटांनी त्यांनी बाहेर पडण्याचे एक मोठे गेट उघडण्याचा हुकूम दिला. दोन हजारांहून अधिक माणसे आत आली. समोरच एक बोगदा होता. तो मधल्या दोन कप्प्यांत उघडायचा आणि हे कप्पे आधीच खचाखच भरले होते. बोगदा बंद करून लोकांना कडेच्या मोकळ्या कप्प्यांकडे वळवायला हवे होते. ते कुणी केले नाही. पुढे लोखंडी जाळी होती. चाहते मैदानात घुसू नयेत म्हणून लावलेली ही जाळी तिथे भिंत ठरली.

३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबवला. चाहत्यांनी जाहिरातींचे फलक उखडून त्यांचे स्ट्रेचर केले आणि जखमींना उचलून नेले. बाहेर चाळीसहून अधिक रुग्णवाहिका आल्या होत्या, मैदानात पोहोचल्या त्यांतल्या मोजक्याच. सर्वांत लहान मृत मुलगा दहा वर्षांचा होता.

खोटे कुठून निघाले?

माणसे मरत असतानाच डकेनफिल्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या सचिवांना सांगितले की चाहत्यांनी गेट फोडले. गेट उघडण्याचा हुकूम त्यांचाच होता. काही मिनिटांत ही गोष्ट रेडिओ-टीव्हीवरून देशभर गेली. पुढच्या दोन-तीन दिवसांत शेफिल्डमधल्या एका वृत्तसंस्थेला पोलिसांकडून आणि हुजूर पक्षाचे स्थानिक खासदार अर्व्हिन पॅटनिक यांच्याकडून ‘माहिती’ मिळाली. पॅटनिक यांनाही ती पोलिसांनीच सांगितली होती. ‘सन’चे संपादक केल्व्हिन मॅकेंझी यांनी तिच्यावर ‘सत्य’ असा शिक्का मारला. इतर काही वर्तमानपत्रांनीही हे आरोप छापले होते. पण एवढ्या खात्रीचा मथळा ‘सन’नेच दिला.

लोकांनी यावर विश्वास का ठेवला, हा खरा प्रश्न आहे. खोटे पसरायला जमीन आधीपासून तयार लागते. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर लिव्हरपूलच्या चाहत्यांनी हल्ला चढवला, त्यात भिंत कोसळून ३९ जण मेले. मरणारे बहुतेक इटालियन होते. तो गुन्हा खराच होता आणि त्यासाठी शिक्षाही झाल्या. पण त्यानंतर लिव्हरपूलचा चाहता म्हणजे दारुडा गुंड हे समीकरण पक्के झाले. त्यात हे शहर बंदरावरच्या मजुरांचे, आयरिश कॅथलिक वस्तीचे, बेकारीने पिचलेले. १९८१ मध्ये तिथल्या टॉक्स्टेथ भागात मोठी दंगल झाली होती. लंडनच्या नजरेत ते ‘तसलेच लोक’ होते.

एखाद्या वस्तीवर एकदा असा शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक घटनेत तिलाच आपली सफाई द्यावी लागते. मरणारेही आधी आरोपी ठरतात. हे वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सुव्यवस्थेवरचा विश्वास

इथे हुजूर पक्षाची बाजू न्यायाने समजून घेऊ. सुव्यवस्था ही फार नाजूक गोष्ट आहे, ती मोडली तर सर्वांत आधी गरीब भरडला जातो, श्रीमंताकडे आपले पहारेकरी असतात, असे हे लोक म्हणतात. हे खोटे नाही. दंगलीत कोणाची दुकाने जळतात ते आपणही पाहिले आहे. म्हणून पोलिसांचा मान राखला पाहिजे, हे म्हणणे मला पटते.

पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा या विचाराला धर्माचाही आधार होता. त्यांचे वडील ग्रँथममधले किराणा दुकानदार आणि मेथडिस्ट पंथाचे प्रवचनकार होते. मे १९८८ मध्ये एडिंबरोला स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेपुढे त्यांनी एक भाषण केले, ते पुढे गाजले. ख्रिस्ती धर्म माणसाला स्वतःच्या कृत्याची जबाबदारी घ्यायला शिकवतो, समाजाकडे बोट दाखवून कुणाला सुटता येणार नाही, असा त्याचा रोख होता.

हे तत्त्व हिल्सबरोच्या चाहत्यांना लागू झाले, तसे पोलिसांना का झाले नाही? ख्रिस्ती परंपरेत माणूस जन्मतःच पापाकडे झुकलेला मानला जातो. तसे असेल तर वर्दी घातल्याने तो निष्पाप होत नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये न्यायमूर्ती पीटर टेलर यांचा अंतरिम अहवाल आला. दुर्घटनेचे मुख्य कारण पोलिसांचे नियंत्रण कोलमडणे हेच होते, असे त्यांनी साफ लिहिले, आणि चाहत्यांवरचे घाणेरडे आरोप फेटाळले. या अहवालाचे ‘स्वागत’ करावे असे गृहमंत्र्यांकडून सुचवले गेले तेव्हा थॅचर यांनी कागदावर हाताने शेरा मारला. त्याचा आशय असा की हा अहवाल म्हणजे पोलिसांवरची प्रखर टीका आहे, तिचे स्वागत आपण कसे करायचे? हा कागद २०१२ मध्ये लोकांसमोर आला.

यामागे एक हिशेबही होता. जून १९८४ मध्ये ऑरग्रीव्ह इथे संपावरच्या खाणकामगारांशी याच साउथ यॉर्कशर पोलीस दलाची चकमक झाली होती. ९५ कामगारांवर खटले भरले आणि पोलिसांची साक्ष न टिकल्याने ते कोसळले. १९९१ मध्ये या दलाने ३९ कामगारांना ४,२५,००० पौंड भरपाई दिली, चूक मात्र कबूल केली नाही. १९८६ मध्ये लंडनच्या वॅपिंगमध्ये ‘सन’च्या मालकांनी हजारो छपाई कामगारांना काढून टाकले, तेव्हा छापखान्याच्या गाड्या पोलीस बंदोबस्तात बाहेर पडत होत्या. सरकार, पोलीस आणि एक मोठे वर्तमानपत्र एकाच बाजूला उभे होते. अशा वेळी कोण कोणाची झाडाझडती घेणार?

शिपायांची कापलेली साक्ष

या प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कमी लोकांचे लक्ष जाते. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या शिपायांना सांगण्यात आले की खिशातल्या नोंदवहीत काही लिहू नका, साध्या कागदावर आठवणी लिहून द्या. त्यांनी लिहून दिल्या. कित्येकांनी प्रामाणिकपणे लिहिले की वरून हुकूम येत नव्हते, वायरलेसवर काही कळत नव्हते, अधिकारी कुठे दिसत नव्हते. हे कागद वकिलांकडून तपासून घेतले गेले आणि बदलायला परत आले. पुढे स्वतंत्र मंडळाने मोजले तेव्हा १६४ जबाबांत मोठे बदल झालेले आढळले. त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीची ठरणारी वाक्ये काढली किंवा बदलली होती.

म्हणजे ज्या दलाच्या इभ्रतीसाठी हे चालले होते, त्याच दलातल्या खऱ्या बोलणाऱ्या शिपायांची तोंडे पहिल्यांदा बंद झाली. पोलिसांकडून हिशेब मागणे म्हणजे पोलिसांशी वैर, असे मानणाऱ्यांनी हे कागद पाहावेत. हिशेब नसला तर प्रामाणिक शिपाई एकटा पडतो आणि खोटा अधिकारी सुखाने निवृत्त होतो.

मेलेल्यांच्या बाबतीत नेमके उलटे चालले होते. मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या कोरोनरने सर्व मृतांच्या रक्तातले दारूचे प्रमाण तपासायला लावले, लहान मुलांच्याही. ज्यांच्या रक्तात थोडीही दारू निघाली त्यांची नावे पोलिसांच्या संगणकात घालून गुन्ह्यांच्या नोंदी शोधल्या गेल्या. याच कोरोनरने सव्वातीननंतर काय घडले हे ऐकायला नकार दिला. त्या वेळेपर्यंत सगळ्यांचे मरण नक्की झाले होते, असे त्याने गृहीत धरले. मार्च १९९१ मध्ये ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल आला.

१९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. त्याच्या सरकारने एका न्यायाधीशाकडून कागदपत्रांची तपासणी करून घेतली. जबाब बदलल्याचे उघड झाले, तरी नवी चौकशी नको असाच निष्कर्ष निघाला. त्यामुळे हा दोष एकाच पक्षाच्या माथी मारता येणार नाही.

एका शहराचा बहिष्कार

लिव्हरपूलने ‘सन’ घेणे बंद केले. लोकांनी रस्त्यांवर त्याच्या होळ्या केल्या, दुकानदारांनी तो ठेवणे थांबवले, टॅक्सीवाल्यांनी गाडीत येऊ दिला नाही. हा बहिष्कार कुणा नेत्याच्या हुकमाने झाला नाही, आणि तीन दशके उलटून गेल्यावरही तो टिकून आहे. २००४ साली ‘सन’ने पानभर माफी छापली, ती या शहराने घेतली नाही. त्याच वर्षी ‘स्पेक्टेटर’ या हुजूर विचारांच्या साप्ताहिकाने अग्रलेखात लिव्हरपूलकरांना रडवे ठरवले आणि हिल्सबरोत दारुड्या चाहत्यांचाही दोष असल्याचे लिहिले. मृतांचा आकडाही चुकीचा दिला. संपादक होते बोरिस जॉन्सन. त्यांना त्यांच्या पक्षाध्यक्षांनी माफी मागायला लिव्हरपूलला पाठवले.

या सगळ्या काळात शहराला चर्चचा मोठा आधार होता. इथे अँग्लिकन आणि कॅथलिक यांच्यातले जुने वैर प्रसिद्ध होते. पण १९८९ साली अँग्लिकन बिशप डेव्हिड शेपर्ड आणि कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉरलॉक हे दोघे बरोबरीने काम करत होते. शेपर्ड हे नाव जुन्या क्रिकेटप्रेमींना माहीत असेल. १९५४ मध्ये पाकिस्तानविरुद्ध दोन कसोटींत ते इंग्लंडचे कर्णधार होते. दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी कॅथलिक कॅथीड्रलमध्ये मृतांसाठी प्रार्थना झाली, ती गर्दी आत मावली नाही.

बिशप आणि पाद्र्याची मुलगी

एप्रिल २००९ मध्ये विसाव्या स्मृतिदिनी मजूर पक्षाचे मंत्री अँडी बर्नहॅम अॅनफिल्ड मैदानावर बोलायला उभे राहिले. हजारो लोकांनी न्यायाची घोषणा देत त्यांना थांबवले. त्यानंतर एक स्वतंत्र मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष होते लिव्हरपूलचे अँग्लिकन बिशप जेम्स जोन्स. ते परंपरावादी इव्हँजेलिकल घडणीचे, रस्त्यावरचे आंदोलक नव्हेत. त्यांनी नियम केला की कुटुंबांना आधी कळेल, जगाला नंतर. मंडळाने साडेचार लाख पाने तपासली. १२ सप्टेंबर २०१२ च्या सकाळी लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये कुटुंबांना एकत्र बोलावून अहवाल सांगितला गेला. ९६ मृतांपैकी ४१ जण वेळेवर उपचार मिळाले असते तर कदाचित वाचले असते, हे त्या दिवशी नातेवाइकांना समजले.

त्याच दुपारी हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. कुटुंबांवर दुहेरी अन्याय झाला, एक माणसे गमावण्याचा आणि दुसरा मृतांनाच बदनाम करण्याचा, असे ते म्हणाले. जुना निकाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द झाला.

गृहमंत्री होत्या थेरेसा मे. त्या एका अँग्लिकन पाद्र्याच्या कन्या आणि नेमाने चर्चला जाणाऱ्या. मे २०१४ मध्ये त्या पोलीस फेडरेशनच्या अधिवेशनात गेल्या. तिथे त्यांनी हिल्सबरोसह एकेक प्रकरण नाव घेऊन वाचले, सुधारणा करा नाहीतर सरकार करील असे बजावले आणि फेडरेशनचा सरकारी पैसा बंद केला. सभागृह गप्प बसले होते.

या बदलात स्वानुभवही होता. २०१२ मध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या फाटकावर हुजूर पक्षाचे नेते अँड्र्यू मिचेल आणि पोलिसांची बाचाबाची झाली. तिथे हजर नसलेल्या एका पोलिसाने आपण सगळे पाहिले असा ईमेल पाठवला, त्याला तुरुंगात जावे लागले. पुढे मिचेल स्वतः बदनामीचा दावा हरले, म्हणजे तेही धुतल्या तांदळासारखे ठरले नाहीत. पण खोटी गवाही कशी उभी राहते, हे सत्तेच्या माणसांना त्या दिवसांत स्वतःच्या दारात दिसले.

नवी चौकशी दोन वर्षे चालली. तिच्यात मार्च २०१५ मध्ये डकेनफिल्ड यांनी गेटबाबत आपण खोटे बोललो हे कबूल केले. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीने निकाल दिला. ९६ जणांना बेकायदा ठार केले गेले होते, आणि चाहत्यांचा काहीही दोष नव्हता.

त्याच्या आदल्याच दिवशी, २५ एप्रिल २०१६ ला, मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोट प्रकरणातल्या मुस्लिम आरोपींना आरोपमुक्त केले. स्फोट झाले होते ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ. मेलेले बहुतेक मुसलमान होते आणि पकडलेले नऊही मुसलमान. पाच वर्षांनी जामीन मिळाला, आणखी साडेचार वर्षांनी आरोपमुक्ती. तोवर एकाचे निधन झाले होते. ही दोन प्रकरणे एकसारखी नाहीत. एकीकडे गर्दीचे नियोजन फसले, दुसरीकडे दहशतवादी हल्ला होता. पण दोन्हीकडे सुरुवातीला पोलिसांच्या तोंडची गोष्ट पहिल्या पानावर आली, आणि ती खोडणारी गोष्ट यायला दहा आणि सत्तावीस वर्षे लागली. लिव्हरपूलच्या कुटुंबांना पंतप्रधानांची माफी तरी मिळाली.

अजून बाकी आहे ते

न्याय पुरा झाला असे मात्र म्हणता येत नाही. २०१९ मध्ये डकेनफिल्ड निर्दोष सुटले. जबाब बदलल्याबद्दल दोन निवृत्त अधिकारी आणि पोलिसांच्या वकिलावर खटला चालला, तो मे २०२१ मध्ये कोसळला. टेलर यांची चौकशी कायद्याच्या अर्थाने ‘न्यायप्रक्रिया’ नव्हती, म्हणून तिच्यासाठीचे जबाब बदलणे हा त्या गुन्ह्यात बसत नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. त्याच वर्षी जुलैमध्ये, १९८९ पासून अपंगावस्थेत जगत असलेला एक चाहता गेला. मृतांचा आकडा ९७ झाला.

बिशप जोन्स यांनी थेरेसा मे यांच्या सांगण्यावरून २०१७ मध्ये आणखी एक अहवाल लिहिला. त्यातल्या मागण्यांत या दोन होत्या. पोलीस अधिकाऱ्याने चौकशीत खरे आणि सगळे सांगणे हे कायद्याने बंधनकारक असावे, आणि सरकारी वकिलांसमोर उभ्या राहणाऱ्या कुटुंबांनाही सरकारी खर्चाने वकील मिळावा. हुजूर सरकारने २०२३ मध्ये उत्तर दिले तेव्हा सनदेवर सही केली, कायदा केला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मजूर सरकारने असे विधेयक संसदेत मांडले.

माझा सारांश साधा आहे. सुव्यवस्था हवी, पोलीस हवेत, धर्माचा आधारही हवा. पण ज्या हुजूर नेत्यांनी वर्दीवर डोळे झाकून विश्वास ठेवला त्यांनी वर्दीचीच इभ्रत घालवली, आणि ज्यांनी तिला हिशेब विचारला त्यांनी ती थोडीफार परत आणली. ख्रिस्ती धर्माच्या दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आहे. आपल्याकडे सूरह हुजुरातमध्ये खबरेची शहानिशा करायला सांगितले आहे. सूरह निसामध्ये तर गवाही स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध जात असली तरी द्यायला सांगितले आहे. ही दुसरी अट जास्त कठीण आहे. दुसऱ्यांच्या वर्दीला प्रश्न विचारणे सोपे असते. तोच प्रश्न आपल्या मोहल्ल्याच्या, आपल्या जमातीच्या, आपल्या आवडत्या चॅनेलच्या बातमीलाही विचारावा लागतो.

म्हणून ‘सूत्रांनी सांगितले’ असे कुठेही वाचले की वर्गातल्या मुलांना मी तीन गोष्टी विचारायला लावतो. सांगणारा तिथे हजर होता का? खरे निघाले तर त्याचे काही नुकसान होते का? आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला कुणी विचारले का? १८ एप्रिल १९८९ च्या संध्याकाळी ‘सन’च्या कचेरीत एवढे तीन प्रश्न कुणी विचारले असते, तरी तो मथळा छापला गेला नसता.